घरचा वाफा

आक्का, काल तुमचं तेरावं झालं. पाहुणे गेले, मांडव सुटला, भाड्याने आणलेली पातेली परत गेली. आणि आज संध्याकाळी माझ्या अभिच्या जुन्या वहीतली कोरी पानं फाडून मी ओट्यावर बसले आहे. तुमच्याशी भांडायला. दुसरं कशाला बसणार?

तुम्ही गेलात ते गेलात, पण जाताना एक वाक्य माझ्या अंगावर टाकून गेलात. रिक्षा मखमलाबाद नाक्याजवळ आली होती. तुमच्या छातीत कळ होती, पदर घामाने भिजलेला, आणि माझा हात तुम्ही असा धरला होता की बांगडी रुतली. तशातही तुम्ही माझ्याकडे बघून बारीक हसलात आणि म्हणालात, "बघ मंगल. सोळा वर्षं तुझी मेथी खाल्ली. तरी बी आलाच की अटॅक."

मी गप्प बसले. तुमच्यापुढे मी गप्प बसले आहे असं फार वेळा घडलेलं नाही, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात आणि माझं उत्तर राहूनच गेलं. हे तेरा दिवस लोक माझ्याजवळ येऊन म्हणायचे, जाऊ नव्हती ती, बहीण होती तुझी. मी मान हलवायचे. डोक्यात मात्र एकच, आता काय सांगू ह्या बाईला. कारण तुमचं बरोबर होतं. सोळा वर्षं मेथी खाल्लीत, शेपू खाल्ला, गिलकी खाल्ली, पेरू खाल्ले, आणि तरी आलाच.

म्हणून हे लिहायला बसले. आधी सगळं पहिल्यापासून आठवू द्या.

मी मनमाडहून ह्या घरात आले तेव्हा तुम्ही पन्नाशीच्या पुढे होतात आणि मी वीस वर्षांची. आपल्या दोघींत एवढं अंतर की नवीन माणसं तुम्हाला माझी सासूच समजायची आणि तुम्ही त्यांना मुद्दाम समजू द्यायच्या. माझे वडील रेल्वेत होते. आमच्या क्वार्टरमध्ये माती म्हणाल तर तुळशीच्या डब्यापुरती. माळ्याच्या घरात लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, पोरीचं नशीब काढलं, रोज ताजी भाजी खाईल. आई बिचारी.

पहिल्या आठवड्यात मी बघितलं. पहाटे विहिरीजवळ मेथी, कोथिंबीर, शेपूचे ढीग. तुमच्या हाताखाली जुड्या बांधायचा मी प्रयत्न करत होते आणि तुम्ही माझी प्रत्येक जुडी सोडून परत बांधत होतात. टेम्पो भरून पंचवटीच्या बाजाराकडे जायचा. आणि दहा वाजता आपल्या ताटात काय, तर भाकरी, पिठलं आणि ठेचा. संध्याकाळी पिठलं आणि भाकरी. पाहुणा आला की बटाट्याची भाजी, आणि तो बटाटा किराणा दुकानातून आणलेला. मी तिसऱ्या दिवशी विचारलं, "आक्का, आपण आपली भाजी कधी खातो?" तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की जणू मी विहिरीत थुंकले आहे. "खायाची भाजी येगळी, इकायची येगळी," म्हणालात.

खायची वेगळी कुठली, ते कळायला मला महिना लागला. बाजारातून परत आलेली, पिवळी पडलेली, कुणी न घेतलेली, ती खायची. आणि तीसुद्धा आधी गंगीची. गाय नाही म्हणाली तर आपली. मी एकदा म्हणाले होते की ह्या घरात सगळ्यात तंदुरुस्त जर कोण असेल तर ती गंगी. तुम्ही हसला नाहीत. पण पाठ फिरवल्यावर तुमचे खांदे हलत होते, मी पाहिलं होतं.

फळांचं तर बोलायलाच नको. निफाडहून तुमचा धाकटा भाऊ द्राक्षांची पेटी पाठवायचा, ती तुम्ही शेजारीपाजारी वाटून टाकायच्या. फळ म्हणजे तुमच्या लेखी आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायची वस्तू, नाहीतर उपासाची. मी संत्रं सोलून हातावर ठेवलं की तुम्ही मागे सरकायच्या. "मला काय झालंय फळं खायाला?"

झालं होतं, आक्का. तुम्हालाच माहीत नव्हतं. पायाला मुंग्या येत होत्या, घसा सुकत होता, उठता बसता डोळ्यांपुढे अंधारी येत होती. पंचवटीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि शुगर निघाली, सोबत बीपी. गोळ्या सुरू झाल्या. दर वेळी डॉक्टर विचारायचे, भाजीपाला खाता ना, आणि दर वेळी तुम्ही सांगायच्या, "आता काय सांगू डॉक्टर, आमचा मळाच हाय." ते खूश व्हायचे आणि कागदावर लिहायचे. माळ्याची बाई भाजी खात नसेल हे त्यांच्या डोक्यात तरी कसं यावं. तुम्ही खोटं बोलत होतात असंही मला वाटत नाही. चोवीस तास भाजीत हात असलेल्या माणसाला आपण ती खातच असू असं वाटतं. एकदा नाही, तीन वेळा हेच झालं. गोळ्या वाढत गेल्या आणि शुगर हलेना.

चौथ्या वेळी माझे थोरले दीर, तुमचे भाऊसाहेब, लग्नाला गेले होते, म्हणून तुमच्याबरोबर मी आले. डॉक्टरांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, मळाच हाय. आणि माझ्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं. "डॉक्टर, आम्ही भाजी विकतो. खात नाही. ह्यांच्या पोटात महिन्यातून दोनदा सुद्धा पालेभाजी जात नाही, आणि फळ तर लग्नानंतर खाल्लं असेल की नाही देव जाणे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तुम्ही समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलात. तुमचे कान लाल झाले होते, ते मला अजून दिसतात.

मग त्यांनी समजावून सांगितलं, शांतपणे. पानांत, शेंगांत, फळांत जो चोथा असतो त्याने साखर रक्तात हळूहळू उतरते. पालेभाज्या, फळं रोज पोटात असली की बीपीला, हृदयाला मदत होते, पक्षाघाताचा धोका कमी होतो, काही कॅन्सरचासुद्धा. गोळी सोडायची नाही, पण नुसत्या गोळीवर भार टाकायचा नाही. आणि शेवटी म्हणाले, "भाजी खाल्ली म्हणजे आजार येणारच नाही, असं मी लिहून देत नाही. येण्याची शक्यता कमी होते, एवढंच." तुम्ही त्यातलं पहिलं वाक्य बरोबर उचललंत. पुढची सोळा वर्षं मला ऐकवलंत, डॉक्टर लिहून देत नाय.

परत येताना बसमध्ये तुम्ही बायकांच्या दोन सीट सोडून तिसरीवर बसलात. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. घरी आल्यावर आठ दिवस माझ्याशी शब्द नाही. बोलायच्या ते गंगीशी, मला ऐकू जाईल अशा बेताने. "गंगे, तू बाई नशिबाची. तुला मेथी मिळती हे तुला दवाखान्यात जाऊन सांगावं लागत नाय." मी इकडून तव्यावरच्या भाकरीला उत्तर द्यायचे. घरातले पुरुष दोन्हीकडचं ऐकत जेवण उरकून मळ्यात पळायचे.

नवव्या दिवशी पहाटे जुड्या बांधताना तुम्ही ढिगातली एक जुडी उचललीत. पिवळी नाही, राहिलेली नाही. वरची, भवानीच्या गिऱ्हाइकाला द्यावी अशी, दवाने ओली. ती चुलीपुढे माझ्या पायाशी टाकलीत. "घे. कर. खाऊ सगळे. म्हंजे मला बी दवाखान्यात खरं सांगता यील."

मी लसूण आणि मुगाची डाळ घालून मेथी केली. तुम्ही कडू काढा प्यावा तसं तोंड करून घास घेतलात. दुसरा घेतलात. मग भाऊसाहेबांकडे बघून म्हणालात, "आपली मेथी अशी लागती व्हय?" तीस वर्षं मेथी पिकवणाऱ्या बाईने हे विचारलं. मला तेव्हा हसू आलं होतं. आज ते आठवून डोळे भरून आले, का ते मला नीट सांगता येणार नाही.

घरचा वाफा ही माझी कल्पना होती, एवढं श्रेय मी सोडणार नाही. पण मी भीत भीत बांधाकडेचा, सावलीतला, काहीच धड न येणारा तुकडा मागितला होता. तुम्ही कमरेला पदर खोचून आलात, तो तुकडा बघितलात आणि म्हणालात, "हितं काय उगवणार, तुझं कपाळ?" आणि विहिरीच्या पाइपाजवळची, सगळ्यात काळी जमीन पावलांनी मोजलीत. माझ्या फाटलेल्या लाल साडीची चिंधी काठीला बांधून रोवलीत. ह्या वाफ्यातलं बाजारात जाणार नाही असं सगळ्यांना सांगितलंत. आणि वर म्हणालात, "ह्याच्यावर फवारा नाय." ते मला सुचलंच नव्हतं.

त्यावरून आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे. मी विचारलं होतं, घरच्यावर फवारा नाही, मग विकायच्यावर का? तुम्ही म्हणालात, किडकी जुडी घेतं का कुणी, तूच घेशील का बाजारात? मी म्हणाले, खाणारी माणसं तीही कुणाची आक्का असतील. तुम्ही रागावून उठून गेलात. त्या हंगामापासून फवारा मारल्यावर औषधवाला सांगेल तेवढे दिवस मोजून मगच भाजी कापायची असा नियम तुम्ही केलात, आणि मेथी हातची जाईल म्हणून कुरकुरणाऱ्या भाऊसाहेबांना गप्प केलंत. तरी माझा प्रश्न पूर्ण सुटला नव्हता आणि तुम्हालाही ते माहीत होतं. मळ्यात तो अजून उभा आहे. तुमच्याशिवाय आता कुणाशी भांडू?

पेरूची गोष्ट तर मी सविताला कितीदा सांगितली. सविता, म्हणजे तुमची सून, ती ह्या घरात आली तेव्हा तुम्ही रोज एक पेरू खाणारी सासू होतात, तिला खरंच वाटेना. डॉक्टरांनी द्राक्षं बेताने आणि पेरू चालेल म्हणून सांगितलं होतं. तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी फळ विकत घेतलंत आणि चोरून आणल्यासारखं पदराआड लपवून घरी आणलंत. विहिरीच्या कठड्यावर बसून मीठ लावून खात होतात, तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या आणि त्यांनी काळजीने विचारलं, काय होतंय हो? तुम्ही तोंडातला घास गिळलात आणि ताठ बसून सांगितलंत, "काय बी नाय. नुसतीच खाते." त्या दिवशी इतक्या रुबाबात होतात तुम्ही की काकूंनीही अर्धा मागून घेतला.

मग दिवस चांगले गेले, आक्का. हे मला लिहून ठेवायचंच होतं. शुगर खाली आली, एकदम नाही, पण आली आणि बऱ्यापैकी तिथेच राहिली. पायाच्या मुंग्या कमी झाल्या. तुमचे डोळे शेवटपर्यंत असे की सुईत दोरा तुम्ही ओवायचा आणि शिवायचं मी. घरचे वाफे एकाचे तीन झाले. अभि आणि त्याची भावंडं शेपू न कुरकुरता खायला लागली, ह्याला तर मी चमत्कारच म्हणते. ओझरच्या कारखान्यातल्या नोकरदारांच्या बायका मळ्यावर येऊन लाल चिंधीच्या वाफ्यातली भाजी मागायच्या आणि तुम्ही मान वर न करता सांगायच्या, ती घरची हाय.

भांडणं चालूच होती. कुणी गेल्याची बातमी आली की तुम्ही मला वाफ्यावर गाठायच्या. आपले सासरे पिठल्यावर नव्वदीपर्यंत जगले, त्याचं काय? नाक्यावरचा फळवाला पन्नाशीत गेला, त्याने तर सगळा जन्म फळात काढला. मी म्हणायचे, विकण्यात काढला, खाण्यात नाही. तुम्ही म्हणायच्या, व्हय, आणि डॉक्टर लिहून देत नाय. मग दोघी मिळून जुड्या बांधायला बसायचो.

एक गोष्ट मात्र मला आतून खात राहिली. त्या दिवसानंतर तुम्ही मला कधी दवाखान्यात नेलं नाहीत. दर वेळी भाऊसाहेबांच्या मोटारसायकलवर, नंतरनंतर मुलाच्या मागे बसून जायच्या. मी दोनदा म्हणाले, येऊ का? तुम्ही म्हणालात, तुझं काय काम. मला वाटायचं, ह्या बाईने मला जेवू घातलं, माझी दोन्ही बाळंतपणं काढली, पण मी परक्या माणसासमोर घराची अब्रू काढली हे काही माफ केलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. मी एवढी बोलकी, पण ते एक नाही विचारलं.

आता आज सकाळचं सांगते. काल पंगतीत वाढताना मला चक्कर आली. सविताने आज मला ओढतच दवाखान्यात नेलं, तुमच्याच. डॉक्टरांचे केस पांढरे झाले आहेत. त्यांनी नाडी बघितली, बीपी बघितलं, आणि विचारलं, "भाजीपाला खाता ना?"

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "खाते की. आमचा मळाच आहे."

सविता मागून म्हणाली, "नाही डॉक्टर. तेरा दिवस झाले, काकू नुसता वरणभात चिवडतात. भाजीला हात लावत नाहीत."

माझे कान तापले. मी कॅलेंडरकडे बघायला लागले. खरंच सांगते आक्का, त्या खुर्चीत बसल्यावर तुम्हाला तेव्हा कसं वाटलं असेल ते मला कळलं. खरं बोलले हे माझं चुकलं नव्हतं. पण आधी घरात, चुलीपुढे, तुम्हाला सांगायला हवं होतं. ते न करता मी एकदम परक्यापुढे बोलले. ते चुकलं. सोळा वर्षांनी सांगते आहे, चुकलं माझं.

डॉक्टर हसत होते. म्हणाले, "तुमच्या घरात ही पद्धतच दिसते." मग तुमचा कागद काढला, मळलेला, कडा फाटलेल्या. "ह्या मला दर वेळी काय म्हणायच्या माहीत आहे? मी विचारलं, भाजी खाता का, की म्हणायच्या, आता खाते, पण माझ्या बोलण्यावर जाऊ नका डॉक्टर, आमच्या धाकटीला विचारा, ती खोटं बोलत नाय. मी म्हणायचो, आणा की तिला एकदा. तर म्हणायच्या, नको, ती आली की मला पेरूसुद्धा मोजून सांगावे लागतील."

भाऊसाहेब असोत की मुलगा, बाहेर गाडीवर बसलेले असायचे. मला कोण सांगणार हे?

मी तिथेच रडले. सविताला वाटलं पुन्हा चक्कर आली. रडून झाल्यावर मी डॉक्टरांना तुमचा प्रश्न विचारला, तुमच्याच शब्दांत. सोळा वर्षं मेथी खाल्ली, तरी आलाच की अटॅक, ह्याचं काय?

त्यांनी कागद उलटून पहिली बाजू काढली. तिथे तुम्हीच लिहून घ्यायला लावलेलं होतं. आई, छातीत कळ येऊन गेली, पन्नाशीच्या आत. थोरला भाऊ, तसाच, पन्नाशीला. "ही ह्यांच्या घरची वाट होती," डॉक्टर म्हणाले. "शिवाय शुगर. ह्या सत्तरीपर्यंत आल्या. ते भाजीने की गोळीने की मळ्यातल्या चालण्याने, हे एका माणसाचं मला सांगता येणार नाही. कुणालाच सांगता येणार नाही."

तुमच्या आईचं मला ठाऊक होतं. थोरल्या भावाचं तुम्ही कधी बोललाच नव्हता. म्हणजे पन्नाशीची वेस तुम्हाला दिसत होती, आणि ती ओलांडल्यावर दर वर्षी तुम्ही मनात काय म्हणत असाल ते आता मला थोडं कळतं. रिक्षात तुम्ही हसलात, ते मला हरवायला हसला नव्हता.

दवाखान्यातून थेट मळ्यात गेले. तेरा दिवस घरच्या वाफ्याला कुणाचा हात लागला नव्हता. मेथी जरा निबर झाली आहे. मी वरची वरची खुडली. लाल चिंधी उन्हाने पार गुलाबी झाली होती, सविताने तिच्या ओढणीची नवी बांधली. घरी येऊन लसूण आणि मुगाची डाळ घालून केली, तुम्हाला आवडायची तशी, थोडी कोरडी. सगळे जेवले. मी दोन भाकऱ्यांबरोबर खाल्ली. तुमचं ताट वाढलं नाही, कारण काल रीतीने सगळं झालं आहे आणि तुम्हाला रीत सोडलेली चालायची नाही.

आता उत्तर. रिक्षातच द्यायला हवं होतं, पण तेव्हा माझा हात तुमच्या हातात होता. भाजी जिंकली असं मी म्हणत नाही. डॉक्टर लिहून देत नाहीत, मीही देणार नाही. पण तुम्ही म्हणालात ना, तरी बी आलाच.

आला, आक्का. पण उशिरा आला.